व्हीलचेअर वाटप : मापाची खुर्ची कशी द्यावी? (मोजमाप, गादी, दुरुस्ती, खर्च)

माणदेशी

नमस्कार मंडळी.

आमच्या तालुक्यातल्या संस्थेला ४० व्हीलचेअरसाठी देणगी मिळते आहे. नेहमीची पद्धत अशी, की एकाच मापाच्या चाळीस खुर्च्या मागवायच्या, मंगल कार्यालयात कार्यक्रम घ्यायचा आणि पाहुण्यांच्या हस्ते वाटायच्या. यावर कार्यकारिणीत दोन मतं आहेत. यादीत मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेली माणसं आहेत, पोलिओ झालेली आहेत, दोन्ही पाय कापावे लागलेले दोघे आहेत, अर्धांगवायूचे वयस्कर आहेत आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असलेली काही मुलंही आहेत. गावं डोंगराळ आहेत, रस्ते मुरमाचे.

विचारायचं ते असं : माप घ्यायचं तर नेमकं कशाचं? मापाप्रमाणे खुर्च्या घेतल्या तर संख्या कमी होईल, ते देणगीदाराला कसं पटवायचं? आणि दिलेली खुर्ची सहा महिन्यांनी अंगणात गंजत पडू नये म्हणून काय करायचं?

फिजिओ_कृष्णाकाठ

धागा काढलात ते फार बरं केलंत. मापाबद्दल सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माणसाला सपाट, कडक बाकावर सरळ बसवायचं. पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. तळव्यांखाली अर्धा-अर्धा इंच जाडीच्या लाकडी फळ्या रचून गुडघा काटकोनात आणायचा. मग मापं :

१. रुंदी. नितंबांच्या किंवा मांड्यांच्या सगळ्यात रुंद भागाची. टेप अंगाला गुंडाळून हे माप चुकतं. दोन्ही बाजूंना दोन लेखनपाट्या उभ्या धरायच्या आणि दोन पाट्यांमधलं सरळ अंतर मोजायचं. सीटची रुंदी तेवढीच हवी. जास्त रुंद सीट दिली की माणूस एका कुशीवर कलतो, एका बाजूच्या हाडावर भार येतो, आणि चाक लांब गेल्याने खांदे भरून येतात.

२. खोली. नितंबांच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागपर्यंत. दोन्ही पायांचं माप घ्यायचं, कमी भरेल ते धरायचं आणि त्यातून ३ ते ६ सेंमी वजा करायचे. ४६ सेंमी भरलं तर सीट ४० ते ४३ सेंमी. सीट खोल असली तर तिची कड गुडघ्यामागे रुतते. ते टाळायला माणूस पुढे सरकतो, पाठीत वाकतो आणि माकडहाडावर बसतो. तिथे जखम होते.

३. पिंडरी. गुडघ्याच्या मागपासून टाचेपर्यंत, रोजची चप्पल घालून. गादीचा वरचा पृष्ठभाग ते फूटरेस्ट हे अंतर एवढंच असलं पाहिजे. फूटरेस्ट वर राहिला तर गुडघे उचलले जातात आणि मांड्यांवरचा भार बसायच्या हाडांवर जातो. खाली राहिला तर पाय लोंबतात, कंबर पुढे घसरते. फूटरेस्ट जमिनीपासून निदान दोन इंच उंच हवा, नाहीतर दगडाला अडतो.

४. पाठ. सीटपासून बरगड्यांच्या खालच्या टोकापर्यंत एक आणि खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत दुसरं. स्वतः खुर्ची ढकलणाऱ्याला फरे मोकळे हवेत. धडावर ताबा कमी असेल तर टेकू उंच लागतो.

हे सगळं गादीसकट धरायचं. तीन इंची गादी नंतर घातली की माणूस तीन इंच वर जातो : फूटरेस्ट चुकतो, हातटेकू खाली राहतात, चाकापर्यंत हात नीट पोचत नाही. म्हणून गादी आधी ठरवायची, खुर्ची मग.

अर्धांगवायूच्या माणसांचं गणित वेगळं. ती एका हाताने आणि एका पायाने खुर्ची चालवतात. त्यांच्यासाठी गादीचा पृष्ठभाग ते जमीन हे अंतर पिंडरीएवढं हवं आणि चालवायच्या पायाकडचा फूटरेस्ट काढता आला पाहिजे. नेहमीच्या खुर्चीची सीट साधारण २० इंच उंच असते, वर गादी. त्यावर बसलेल्या बुटक्या आजींचा पाय जमिनीला टेकतच नाही. मग घरचे ढकलतील तेव्हाच त्या हलणार.

चाक_आणि_चढ

@फिजिओ_कृष्णाकाठ, पूर्ण अनुमोदन. मागच्या चाकाच्या जागेबद्दल भर घालतो.

हॉस्पिटलात दिसते त्या खुर्चीचं मागचं चाक पाठीच्या टेकूच्या रेषेत किंवा किंचित मागे असतं. ती मागे उलटत नाही, पण ढकलायला जड जाते आणि तिची पुढची चाकं उचलता येत नाहीत. मागच्या चाकाची धुरा (अॅक्सल) थोडी पुढे घेतली की खुर्ची हलकी चालते, मात्र मागे उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून धुऱ्याची जागा बदलता येईल अशी फ्रेम घ्यावी, आणि सुरुवातीला मागे उलटू न देणाऱ्या छोट्या चाकांची जोडी लावून द्यावी.

दोन्ही पाय कापलेल्या तुमच्या दोघांसाठी उलट करायचं. पुढचं वजन गेल्याने साधी खुर्चीसुद्धा चढावर मागे उलटते. त्यांची धुरा नेहमीपेक्षा मागे लागते.

उंची बरोबर आहे का याची खूण : हात चाकाबाहेरच्या, हाताने ढकलायच्या रिंगच्या सगळ्यात वरच्या बिंदूवर ठेवल्यावर कोपराचा कोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावा.

मुरमाच्या रस्त्याला पुढची चाकं बारीक आणि कडक नकोत, खडीत रुततात. आठ इंची, रुंद, रबराची घ्या. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त असलेली खुर्ची उतारावर तोंडावर पडत नाही. राल्फ हॉचकिस यांच्या व्हर्लविंड या अमेरिकी संस्थेची रफरायडर खुर्ची आणि मोटिव्हेशन या ब्रिटिश संस्थेची तीनचाकी खुर्ची याच तत्त्वावर आहेत. लांब खुर्ची घरात वळायला जागा मात्र जास्त खाते.

तळकोकण

माप माणसाचं घेतलं, तसं घराचंही घ्या. खुर्चीची एकूण रुंदी म्हणजे सीटची रुंदी अधिक साधारण ८ इंच. १८ इंची सीटची खुर्ची २६ इंच झाली. जुन्या घरांत न्हाणीघराचं दार २४ इंचांचं असतं. म्हणजे बाई दिवसभर खुर्चीत हिंडणार आणि संडासला मात्र कोणीतरी उचलून नेणार. अशा घरात खुर्चीबरोबर कमोड-खुर्चीचाही विचार करावाच लागतो.

उतार १:१२. पायऱ्यांची एकूण उंची १४ इंच, तर रॅम्प १४ फूट. त्यापेक्षा उभा केला तर एकट्याने चढता येत नाही. अंगण लहान असेल तर मधे सपाट जागा ठेवून वळवून घ्यायचा, कडेला दोन-तीन इंचांची कड उचलून घ्यायची. गुळगुळीत कोबा नको, पावसात त्यावर चाक घसरतं. झाडूने रेघा ओढून खरखरीत करा. दोन इंचांच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर पुरते.

हा खर्च संस्थेनेच करायचा असं नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५% निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. रॅम्प आणि शौचालय-दुरुस्तीचा अर्ज त्या व्यक्तीच्या सहीने ग्रामसभेपुढे ठेवायला मदत करा. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर नको. अर्जदार ती व्यक्ती असली की पुढच्या वेळी ती स्वतः विचारायला जाते.

हिशेबवही

देणगीदाराच्या मुद्द्यावर लिहितो.

प्रस्तावात ‘४० खुर्च्या’ हे उद्दिष्ट लिहूच नका. ‘सहा महिन्यांनी रोज वापरात असलेल्या खुर्च्या’ असं लिहा आणि तो आकडा कळवायची जबाबदारी घ्या. हे निकष आपण शोधून काढलेले नाहीत हेही दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत व्हीलचेअर सेवेच्या आठ पायऱ्या आहेत आणि मोजमाप, जुळवणी, प्रशिक्षण, पाठपुरावा या सगळ्या त्यात येतात. २०२३ च्या नव्या सूचनांत हेच निवड, जुळवणी, प्रशिक्षण, पाठपुरावा अशा चार टप्प्यांत मांडलंय. सीएसआरवाल्यांना (कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणाऱ्यांना) असं दस्तऐवजी बळ लागतं.

आणखी एक युक्तिवाद उपयोगी पडतो. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून जयपूर फूट बसवते आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाचं माप घेतलं जातं. माप न घेता कृत्रिम पाय द्यावा असं कोणीही सुचवणार नाही. मग दिवसाचे दहा-बारा तास जिच्यावर बसायचं ती खुर्ची बिनमापी का?

खर्चाची विभागणी माझ्या मते अशी असावी : शंभरातले साठ रुपये खुर्चीला, पंधरा गादीला, दहा सुट्या भागांना, पंधरा घरभेटी आणि प्रशिक्षणाला. खुर्चीची किंमत तीच धरली तर चाळीसच्या ठिकाणी चोवीस खुर्च्या होतील. उरलेल्यांसाठी शासकीय मार्ग आहेच.

गिरणगाव

शासकीय मार्ग म्हणजे दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना. ४०% किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्मा खर्च. अलिम्को या साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या शिबिरांत आधी तपासणी होते, नंतर वाटप.

महत्त्वाची अट : या योजनेतून तीन वर्षांत एकदाच साधन मिळतं, १२ वर्षांखालच्या मुलांना वर्षातून एकदा. म्हणून शिबिरात तीनचाकी सायकल घ्यायची की खुर्ची, हे त्या माणसाने घरून ठरवून यावं. बाहेर दूर जायचं, हातात ताकद आहे, घरात हातांवर सरकत सहज फिरता येतं, अशी पोलिओ झालेली बरीच मंडळी तीनचाकीच पसंत करतात. त्यांच्यावर खुर्ची लादू नका. संस्थेने कागद जमवायला, दोन्ही साधनं चालवून बघायला मदत करावी, निवड त्यांची.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. दोन शंका. संवेदना नसलेल्यांच्या गादीबद्दल थोडं खुलासेवार कोणी लिहील का? आणि मुलांना वाढत्या अंगाची, थोडी मोठी खुर्ची दिली तर चालते का?

फिजिओ_कृष्णाकाठ

मुलांचं आधी : नाही, चालत नाही. सैल खुर्चीत मूल घसरतं, कणा वाकतो, आणि वाकलेला कणा पुढे सरळ होत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना तर साधी घडीची खुर्ची मुळीच नको. डोकं, धड, कंबर यांना वेगवेगळा आधार लागतो, तो प्रत्येक मुलागणिक बसवून घ्यावा लागतो. त्यांची नावं या वाटपातून बाजूला काढा आणि त्यांना बालपुनर्वसन केंद्रात न्यायची सोय करा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे हे काम होतं.

आता गादी. मणक्याला मार लागलेल्या माणसाला दुखत नाही, म्हणून तो हलत नाही. बसायच्या दोन हाडांखालची कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही, जखम आतून सुरू होते. बाहेर दिसेपर्यंत ती खोल गेलेली असते. मग महिनोन्‌महिने पालथं झोपून राहणं, आणि त्यातून जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेततं. एवढ्यासाठी मी म्हणेन, की गादीचे पैसे नसतील तर अशा माणसाला खुर्चीच देऊ नका, आधी गादीचे पैसे उभे करा.

फोमची गादी स्थानिक कारागिराकडून होते. खाली कडक फोम, वर मऊ. एकूण तीन इंच. खालच्या थरात हाडांच्या जागी दोन-एक सेंमी खोल खळगा कापायचा, म्हणजे भार मांड्यांवर पसरतो. रेक्झिनची सीट झोळीसारखी लोंबते, ती पोकळी भरायला गादीचा तळ बहिर्वक्र कापायचा किंवा खाली पातळ प्लायचा तुकडा घालायचा. वरचं कव्हर सैल, ताणलं जाणारं, धुता येणारं. ताठ कव्हर घातलं तर खळग्याचा उपयोगच उरत नाही. कापड तंबूसारखं ताणलेलं राहतं.

गादी बरोबर आहे का ते हाताने तपासतात. आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यायची, बाईला बाईनेच तपासायचं, आडोसा हवा. तळहात वर करून बोटं हाड आणि गादी यांच्यामध्ये सरकवायची. बोटांची टोकं अर्धा सेंमी तरी वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण बोटं सहज बाहेर येतात, तर धोका आहे. बोटं घट्ट दाबली गेली आणि ओढून काढावी लागली, तर ती गादी चालणार नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा, आणि माणूस गादीवर पाच-दहा मिनिटं बसल्यावर तपासा.

शिकवायचं ते : दर २०-३० मिनिटांनी छाती मांड्यांकडे नेत पुढे वाकायचं, साधारण दोन मिनिटं तसंच राहायचं. टेबलाचा आधार घेतला तरी चालेल. हातांवर अंग उचलून धरायची जुनी पद्धत खांदे झिजवते, आणि इतका वेळ ती कोणाला झेपतही नाही. रोज रात्री आरशात कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्या भागावर बसायचं नाही.

तपासणीच्या दिवशी कोणाला उघडी जखम दिसली, तर खुर्ची थांबवून आधी दवाखाना.

बेळगावकर

शिबिराच्या दिवसाबद्दल लिहितो. हे सगळं बरोबर केलं आणि तो दिवस माणसाला खाली मान घालायला लावणारा झाला, तर काय उपयोग?

सगळ्यांना सकाळी नऊला बोलावू नका. दर तासाला चार जण, वेळ आधी फोनवर ठरवून. तपासणीला एकेकाला पाऊण तास लागतोच.

जागा अशी हवी जिथे खुर्चीवरच्या बाईला संडासला जाता येईल. एवढी सोय नसली की बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. कॅथेटर (लघवीची नळी) वापरणाऱ्यांना त्यातून हमखास लघवीचा संसर्ग होतो. मंगल कार्यालय बघायला जाल तेव्हा स्टेज नका बघू, आधी मागचा संडास बघा : दार किती इंच, पायरी आहे का, आत खुर्ची वळते का.

प्रश्न त्या व्यक्तीला विचारा, सोबतच्या भावाला नव्हे. ‘खुर्चीवर बसून काय काय करायचंय?’ हा पहिला प्रश्न फॉर्ममध्ये सगळ्यात वर छापा. शिवणयंत्रावर बसायचं असेल तर हातटेकू निघणारे लागतात, गोठ्यात जायचं असेल तर चाकं वेगळी लागतात.

फोटोची लेखी परवानगी घ्या, आणि नकार दिला तरी खुर्ची मिळणार हे आधी सांगा. खुर्चीच्या पाठीवर देणगीदाराचं नाव रंगवू नका. कोणी आपल्या पाठीवर दुसऱ्याचं नाव घेऊन लग्नाला जाईल का? देणगीदाराला अहवालात, संस्थेच्या फलकावर मान द्या.

तळकोकण

@बेळगावकर, पाठीवरच्या नावाबद्दल शंभर टक्के सहमत. सिंधुदुर्गात हा उपद्रव फार दिसतो.

त्याला जोडून : शिकवायला व्हीलचेअर वापरणारी व्यक्तीच आणा, मानधन देऊन. खुर्चीतून पलंगावर जाणं, पुढची चाकं उचलून उंबरा ओलांडणं, तीव्र उतारावर मदतनीस असेल तर पाठमोरं उतरणं, हे पायांवर चालणाऱ्याने सांगण्यात आणि खुर्चीवरच्याने करून दाखवण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेचा पायाच तो आहे. १९८४ मध्ये ती उभी करणाऱ्या नसीमादीदी हुरजूक स्वतः व्हीलचेअर वापरतात. आमच्याकडे सिंधुदुर्गातल्या त्यांच्या काजूप्रक्रिया केंद्रात दिव्यांग माणसं कामगार म्हणून पगार घेतात. मुंबईचं नीना फाउंडेशन मणक्याच्या दुखापतीवरच काम करतं, त्यांनाही विचारून बघा.

हिशेबवही

एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो. वर सगळे हवेच्या चाकांची खुर्ची धरून बोलताहेत. खेड्यात पंक्चर काढायला रोज कोण जाणार? भरीव टायर घ्या.

चाक_आणि_चढ

@हिशेबवही, घराच्या फरशीवरच फिरणाऱ्या वयस्कर माणसाला भरीव टायर ठीक. मुरमाच्या रस्त्याला नाही. भरीव टायर जड असतो, प्रत्येक दगडाचा हादरा थेट कण्याला देतो. मणक्याच्या दुखापतीत हादऱ्याने पायांना झटके येतात, पाय फूटरेस्टवरून निसटतो आणि पुढच्या चाकाखाली सापडतो. हवेच्या चाकांसाठी खुर्चीबरोबर एक हातपंप आणि पंक्चरचं सामान द्या, आणि ते काढायला त्या व्यक्तीला शिकवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

हवेचा संबंध ब्रेकशी आहे हे मात्र ठसवून सांगा. या खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी झाली की टायर आत जातो, ब्रेकची पट्टी नुसती टेकते. माणूस पलंगावर सरकताना खुर्ची मागे पळते आणि तो मधल्या जागेत पडतो. मांडीचं हाड मोडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. अंगठ्याने दाबल्यावर टायर अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त दबला तर हवा भरायची.

आठवड्याचं काम : चाकं पुसणं, पुढच्या चाकाच्या धुऱ्यात अडकलेले केस-दोरे काढणं, घडीच्या सांध्यांना तेलाचा थेंब. महिन्याचं काम : नटबोल्ट आवळणं, स्पोक सैल आहेत का बघणं, गादी दाबून फोम बसलाय का बघणं. घामाने आणि दमट हवेने फोम लवकर बसतो, वर्ष-दीड वर्षात बदलायची तयारी ठेवा.

सुटे भाग दर दहा खुर्च्यांमागे : चार ट्यूब, दोन टायर, पुढच्या चाकांची एक जोडी बेअरिंगसकट, ब्रेकचा एक संच, फूटरेस्टच्या दोन पट्ट्या. हे संस्थेच्या कपाटात ठेवू नका. तालुक्यातल्या एका सायकलवाल्याकडे ठेवा आणि त्याच्या मजुरीचे पैसे संस्थेने द्या. खुर्ची घेतानाच त्याला बोलावून एकदा पूर्ण उघडून, जोडून घ्या.

माणदेशी

हे चांगलं सुचवलंत. सायकलवाल्याकडे २४ इंची टायर असतातच, म्हणजे तेच चालतील ना?

चाक_आणि_चढ

थांबा, इथेच घोटाळा होतो. दोन्हींवर २४ लिहिलेलं असलं तरी रिम वेगळी असते. व्हीलचेअरचा नेहमीचा टायर २४ × १ ३/८, त्याच्या कडेवर ३७-५४० असा आकडा असतो (त्यातला ५४० रिमचा). लहान मुलांच्या जाड चाकांच्या २४ इंची सायकलींच्या टायरवर ५०७ असतं. ५०७ चा टायर ५४० च्या रिमवर चढणारच नाही. खरेदीच्या ऑर्डरमध्ये मागच्या चाकाचा हा आकडा लिहून घ्या, सगळ्या खुर्च्या एकाच आकड्याच्या घ्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या फ्रेमवर सीटखाली तो रंगाने लिहून ठेवा. दुकानात मुलगा पाठवला तरी तो बरोबर टायर घेऊन येईल.